सहावीकडे तोंड, सातवीकडे कान

आमच्या हायस्कुलात मराठी माध्यमाची सहावी आणि सातवी एकाच खोलीत भरायची. दोन्ही वर्ग एकमेकांकडे पाठ करून बसायचे. सहावीचं तोंड पूर्वेच्या फळ्याकडे, सातवीचं पश्चिमेच्या. मधोमध पाठीला पाठ लावून पोरं इतकी दाटीनं बसलेली, की सातवीतल्याला शिंक आली की सहावीतल्याच्या वहीचं पान उलटायचं. दोन सार, म्हणजे मास्तर, दोन टोकांना उभे राहून एकाच वेळी शिकवायचे. इकडून हरितद्रव्य यायचं, तिकडून काकतीय राजे, आणि दोघांची गाठ आमच्या डोक्यात पडायची. काकतीय राजे हरितद्रव्याच्या मदतीनं स्वतःचं अन्न स्वतः तयार करत, असं मी चाचणीत लिहिलं आणि मला त्याचा अर्धा मार्क मिळाला, कारण पेपर तपासणारे सारसुद्धा त्याच खोलीत बसून तपासत होते.

तो अर्धा मार्क मी आत्ता जोडला. शिंकेचंही पूर्ण खरं नाही. मला फुगवून सांगायची खोड आहे आणि ती पैनगंगेच्या तेलुगू बाजूच्या भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, आमच्या गावापासून थेट इचोड्याच्या बाजारापर्यंत माहीत आहे. पण खोलीचं आणि पाठीला पाठ लावून बसण्याचं शंभर टक्के खरं. यापुढं जिथं फुगवीन तिथं लगेच कबूल करीन. जे सांगायला बसलोय ते मी फुगवून सांगून पाहिलं आहे, तसं सांगितलं की लोक हसतात.

आमच्या गावात पाचवीपर्यंतच शाळा. एक खोली, एक गुरुजी, पाच सतरंजीच्या पट्ट्या. पहिलीची पट्टी आतल्या भिंतीशी, पाचवीची दाराशी. दरवर्षी एक पट्टी पुढं सरकायचं. शिकणं म्हणजे भिंतीकडून दाराकडं सरकत जाणं, एवढंच आम्हाला कळत होतं. दाराच्या बाहेर पडलं की सहावी. ती चार किलोमीटरवर, मधे एक नाला, आणि दसऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेली कपाशीची पऱ्हाटी.

अक्का माझी बहीण, माझ्याहून एका वर्षानं मोठी. ती दारापर्यंत पोचली आणि तिथंच थांबली.

तिच्या वर्षी पाचवीत ती एकटीच पोरगी. बाकी दोन पोरं होती, त्यांतला एक आश्रमशाळेत गेला आणि दुसरा मामाकडं नांदेडला. आता एकट्या पोरीला नाल्यापलीकडं कोण पाठवणार? आमच्या भागात याचा एक ठरलेला तोडगा होता आणि तो कुणालाच वावगा वाटत नसे. पोरीच्या पाठचा भाऊ एक-दोन वर्षांनी पाचवी पार करणार असेल, तर पोरगी तोपर्यंत थांबायची. 'जोडीले थांबली' म्हणायचे. गावात अशा तीनचार जणी होत्या. एक तर भावासाठी दोन वर्षं थांबली आणि भावानं पाचवीतच शाळा सोडली.

"एकच वर्स त हाय," माय म्हणाली. "बाबू पाचवीतून निंगला का दोघं संग जा."

"अन् मी वर्सभर काय करू?" अक्कानं विचारलं.

"पुन्यांदा पाचवी कर. पक्की होशील."

झालं. गुरुजींनी हजेरीपटावर तिचं नाव पुन्हा पाचवीत लिहिलं. प्राथमिक शाळेत कुणाला नापास करायचं नाही असा सरकारचा नियम होता, त्यामुळं कागदावर ती पासही नव्हती आणि नापासही नव्हती. नुसती दोनदा पाचवीत होती. ते वर्ष ती माझ्या पट्टीवर, माझ्या शेजारी बसली. गुरुजी मंडलाच्या मिटिंगला गेले की पहिली ते तिसरी तीच सांभाळायची. खडू हातात धरायची ऐट अशी, की गुरुजी परत आले की पहिलीतली पोरं रडायची. (रडायची नाहीत. हिरमुसायची.) माझा तेलुगूचा अभ्यासही तीच लिहायची, माझ्या अक्षरात. माझं अक्षर माझ्यापेक्षा तिला चांगलं यायचं.

मग आम्ही दोघं जोडीनं सहावीत गेलो.

पहिल्याच आठवड्यात हातपंपापाशी मला सातवीतल्या पोरांनी गाठलं. त्यांच्यातल्या म्होरक्याला मिशी होती. सातवीतल्या पोराला मिशी कुठून येणार, पण माझ्या आठवणीत ती आहे आणि तिला पीळसुद्धा आहे.

"काऊन बे, तुही अक्का तुले बोट धरून आनते काय?"

"नाही बावा."

"मंग ते येवढी मोठी पोट्टी तुह्या कलासात कशी? जुळे हा काय तुमी?"

बाकीचे हसले. एकानं पंपाचा दांडा सोडून दिला आणि माझ्यासारखं खाली मान घालून, काल्पनिक बोट धरून चालून दाखवलं. फार हुबेहूब चालला. त्या क्षणी खरं सांगायचं तर मला म्हणावं लागलं असतं, की ती माझ्यासाठी वर्षभर थांबली. म्हणजे मी बोट धरून आणलेलाच ठरलो असतो.

"मी आनतो तिले," मी म्हणालो. "ती नापास व्हते."

"हट्! पाचवीत कोनी नापास होते काय?"

इथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला समोर तोंड उघडं टाकून उभे असलेले चार ऐकणारे दिसले की माझं काही खरं नसतं.

"तेच त! अख्ख्या जिल्ह्यात एकच. तीनदा नापास झाली. आदिलाबादहून साहेब आले जीपमधी, खास तिले पाहाले. साहेबानं इचारलं, दोन न दोन किती? तं म्हन्ते, मायले इचारून सांगतो. साहेबानं टोपी काढली, गुर्जीच्या पाया पडला अन् चालला गेला."

पोरं पंपाला धरून हसली. म्होरक्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. सहावीत येऊन मला चार दिवस झाले होते आणि सातवीतला पोरगा माझ्या खांद्यावर हात टाकून उभा होता. हा मान मोठमोठ्यांना मिळत नाही.

आठवडाभरात साहेबाच्या एका जीपच्या तीन जीपा झाल्या. शेवटच्या जीपमध्ये डॉक्टर होता. आणि अक्काला नाव पडलं: तिबार. पाऊस लांबला आणि बी करपलं की आमच्याकडं दुबार पेरणी होते, तेही वाया गेलं की तिबार. तिबार पेरलेलं पीक कसं येतं ते शेतकऱ्याच्या पोरांना सांगावं लागत नाही. ती खोलीत शिरली की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली रे तिबार."

एकदा घरी जाताना नाल्यात पाय धुता धुता तिनं विचारलं, "मले तिबार काऊन म्हन्तेत रे ते?"

"पोट्टे हायत. काहीबी म्हन्तेत."

"तू त त्यायच्यात बसते. इचारून पाह्य नं."

"इचारतो," मी म्हणालो.

मग तो दिवस आला. मोठे सार, म्हणजे हेडमास्तर, सातवीला गणित घ्यायचे. उंच, हळू बोलणारे, कधी छडी न उचलणारे. त्यांनी पश्चिमेच्या फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "उणे पाच गुणिले उणे तीन?"

सातवी गप्प. मिशीवाल्यानं वर पंख्याकडं पाहिलं. पंखा नव्हता, नुसता हूक होता. सार पुन्हा म्हणाले, "उणे पाच, उणे तीन. सांगा."

"अधिक पंधरा," असा आवाज आला. आमच्या बाजूनं, माझ्या शेजारून. अक्काचं तोंड पूर्वेला होतं, समोर आमच्या फळ्यावर पाण्याचे स्रोत लिहिलेले होते, आणि ती आपल्याशीच बोलावं तसं बोलून गेली होती. बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

"कोण बोललं?"

ती उभी राहिली. भिंतीकडं तोंड करूनच.

सार वळसा घालून तिच्यापुढं आले. "उणे सात गुणिले अधिक चार?"

"उणे अठ्ठावीस."

"कुणी शिकवलं?"

"तुमीच, सार. मागून आयकू येते."

सारांनी हातातला खडू खिशात ठेवला. मग वय विचारलं. ती म्हणाली, बारा सरलं. सारांनी तिचा दाखला मागवून पाहिला. "बारा सरलेली पोरगी सातवीत पाहिजे. इथं पाचवी दोन वर्षं दिसते. का? आजारी होतीस?"

अक्कानं मान हलवली. मी तिच्याकडं पाहत होतो. 'भावासाठी थांबले' हे तिनं म्हणायला हवं होतं, आणि तिला ते म्हणवेना. आपण कुणासाठी काही केलं हे स्वतःच्या तोंडानं सांगणं तिला बढाईसारखं वाटायचं. एका मायच्या पोटी आम्ही दोघं कसे झालो कोण जाणे.

"बाबू सांगल, सार," ती म्हणाली. "त्याले इचारा." आणि खाली बसली.

सारांनी मला पश्चिमेच्या टोकाला, त्यांच्या टेबलापाशी बोलावलं. खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, ती पास होऊन घरच्यांनी थांबवली असेल, तर मी तिला उद्याच सातवीत घेतो. नियमात बसतं. जागासुद्धा बदलायला नको, नुसतं तोंड फिरवायचं. पण खरंच कच्ची असेल तर सातवीत हाल होतील तिचे, म्हणून विचारतो. शनिवारी वर्गांच्या याद्या मंडलाला जातात. त्याच्या आत काय ते ठरवू. सांग."

नुसतं तोंड फिरवायचं. एका हाताच्या अंतरावर तिचं गेलेलं वर्ष पडलं होतं आणि ते उचलून द्यायचं काम माझ्याकडं आलं होतं.

मी सारांच्या खांद्यावरून पाहिलं. सातवीची पहिली ओळ माझ्या तोंडाकडं पाहत होती. मिशीवाला मधोमध. खरं बोललो तर तीन जीपा, साहेब, डॉक्टर, सगळी वरात त्याच जागी कोसळणार. आणि उद्यापासून अक्का तिकडं तोंड करून बसणार. मग माझा तेलुगू कोण लिहिणार? सारांनी उठवलं की मांडीवर बोटानं उत्तर कोण गिरवणार? हे दोन्ही विचार मी त्या वेळी केले. मी लहान होतो, कळलं नाही, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. अकरा वर्षांच्या पोराला पुष्कळ कळतं.

"नापासच झाली होती, सार," मी म्हणालो. हळूच म्हणायचं होतं, पण पहिल्या ओळीला ऐकू जायला हवं होतं, म्हणून इतकंही हळू नाही. "कागदावर नापास लिहत नाहीत, गुर्जीनं कच्ची म्हून ठेवली. घरी सांगत नाहीत कोनाले. तिच्या ध्यानात राहत नाही. आज आयकलं तं आज येते, उद्या इसरते."

सार सरळ उभे राहिले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "बरं," म्हणाले. "मग राहू दे. सहावीतच पक्की होऊ दे."

पक्की. मायचाच शब्द.

मी जागेवर आलो. अक्कानं पुस्तक उघडलेलं होतं. बोट एका ओळीवर होतं आणि तास संपेपर्यंत त्याच ओळीवर राहिलं. मला वाटलं, ती पाण्याचे स्रोत वाचते आहे. घरी जाताना तिनं सारांचं काहीच विचारलं नाही आणि मी सुटलो म्हणून आनंदात नाल्यात उडी मारली. शुक्रवार गेला. शनिवार गेला. त्यानंतर मागून आलेल्या कुठल्याच प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही.

एका वर्षानं काय बिघडतं, असं कुणीही विचारील. अठरा सरली तेव्हा अक्का इंटरच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे अकरावीची, परीक्षा देऊन बसली होती. पैनगंगेच्या पलीकडचं स्थळ आलं. घर चांगलं, माणसं चांगली, पोरगा निर्व्यसनी. पुढचं शिकू देऊ म्हणाले, आणि त्यांच्या मनात तसं असेलही. पण तेव्हा इंटर पुरं असतं तर ती शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरणार होती. तो फॉर्म तिनं आधीच पाहून ठेवला होता, त्यात कोणकोणते कागद लागतात ते तिला पाठ होतं. पुढच्या वर्षी तो फॉर्म मी भरला. कागदांची यादी तिनंच मला फोनवर सांगितली.

तर आता मी सार आहे. इचोड्याच्या अलीकडं एका गावात माझी शाळा आहे आणि चौथी-पाचवी मी एका खोलीत घेतो. दर जूनला एखादी माय पोरीला घेऊन येते. "सार, एक वर्स ऱ्हाऊ द्या पाचवीत. धाकटा येऊन राह्यला मागून. जोडी व्हईल." मी साफ नाही म्हणतो. घरी जाऊन समजावतो, सोबतीला दुसऱ्या पाड्यावरच्या पोरी शोधून देतो, ऑटोवाल्याशी बोलतो. एका वर्षी तर मी स्वतः सात पोरींना मोटारसायकलवर बसवून नेलं. (तीन. आणि दोन खेपांत.) लोक म्हणतात, सारांना पोरींच्या शिक्षणाची फार कळकळ. मी मान खाली घालतो. त्याला ते नम्रपणा म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात अक्काकडं गेलो होतो. दुपारचा चहा चालला होता. मी आणि भाऊजी ओसरीवर, अक्का आत चुलीपाशी, आमच्याकडं पाठ करून. भाची सातवीत जाणार होती. तिला गणितात कमी पडले होते आणि ती तोंड फुगवून खांबाला टेकून बसली होती.

"काय कराव आता," भाऊजी मला म्हणाले, हसत हसत. वाईट माणूस नाही तो. "मायवर गेली. मायही तीन डाव पाचवीत बसली होती म्हन्तेत. पाहाले जीप आली होती नं, साळेसाहेब?"

जीप. पैनगंगा ओलांडून, तेरा-चौदा वर्षं चालत, माझी जीप आठ वर्षांपूर्वीच माझ्या बहिणीच्या ओसरीवर पोचली होती. कुठल्याशा लग्नात त्यांना माझा सहावीतला सोबती भेटला होता म्हणे. तेव्हापासून ही गोष्ट या घरात सांगितली जात होती. पोरीचे मार्क कमी आले की सांगितली जायची, भाजीत मीठ विसरलं की सांगितली जायची. अक्कानं ती कधी खोडली नव्हती. खोडायची तर भावाला खोटं पाडावं लागलं असतं.

"मामा, खरंच काय?" भाचीनं विचारलं.

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. हातपंप, मिशीवाला, उणे पाच, सारांचं टेबल. एकही जीप न घालता. माझ्या आयुष्यात मी इतकं सपाट कधी बोललो नसेन. "ती माझ्यासाठी थांबली होती, भाऊजी. हुशार होती. तिचं वर्ष मी खाल्लं."

भाऊजी माझ्याकडं पाहत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं ते गुडघ्यावर थापा मारेपर्यंत. "वा रे पठ्ठ्या! बहिनीची इज्जत राखाले कशी गोष्ट रचून राह्यला! आयकलं का वं, तुह्या भावासारखा भाऊ भेटाले नशीब लागते." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली. शाबासकीची.

भाची मात्र हसली नव्हती. तिनं कोनाड्यातून सातवीचं पुस्तक काढलं. शेजारच्या पोरीचं जुनं, अजून कव्हर न घातलेलं. पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि आईच्या पाठीकडं पाहून विचारलं, "आई, उणे नऊ गुनिले उणे सहा?"

अक्का भाकरी थापत होती. हात थांबला नाही, मान वळली नाही.

"अधिक चौपन."

भाचीनं पुस्तकाच्या मागचं पान काढून पाहिलं. मग दुसरा विचारला. मग तिसरा, चौथा. उत्तरं येत गेली, भाकरी फिरत गेली. भाऊजींचा चहा हातात तसाच राहिला. पाचव्या की सहाव्याला ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायचं आहे म्हणून निघून गेले.

मला फाट्यावर सोडायला अक्का आली. बसची वाट पाहत आम्ही लिंबाखाली उभे होतो. मी म्हणालो, "अक्का, तुले त्या दिवशीचं सांगायचं होतं, मोठ्या सारायपाशी म्या काय..."

"आयकलं होतं म्या," ती म्हणाली. "तवाच. मागून सगळं आयकू ये."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मले वाटलं, तू जाऊन सांगशील सारायले. पोट्टे नसतीन तवा." तिनं पदरानं हाताला लागलेलं पीठ पुसलं. "शनिवारपरेंत वाट पाह्यली."

बस आली. तिनं माझी पिशवी वर दिली. खिडकीतून पाहिलं तर ती घराकडं चालायला लागली होती. भाची वाटेतच पुस्तक घेऊन उभी होती आणि लांबूनच काहीतरी विचारत होती. अक्का थांबली. पोरीचं पुस्तक हातात घेतलं, आणि ती पोरीकडं तोंड करून उभी राहिली.